आपल्या जागेत लागलेल्या परक्या गाडीला जॅमर लावता येतो का?

आमच्या सोसायटीने दोन जॅमर विकत घेतले तेव्हा सेक्रेटरी मीच होतो, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलायची सोय नाही.

सोसायटी कोथरूडमध्ये. तीन इमारती, मध्ये मोकळी जागा, आणि भिंतीला भिंत लागून एक मंगल कार्यालय. दाट मुहूर्त असला की सकाळी नऊपासून पाहुण्यांच्या गाड्या आत घुसायच्या. वॉचमनने अडवलं की "मामा, दोन मिनिटं, आजींना उतरवतो फक्त." आजी उतरायच्या, गाडी राहायची. अक्षता पडून पंगती उठेपर्यंत राहायची. एकदा आमच्याकडच्या चौथ्या मजल्यावरच्या काकूंना डायलिसिसला न्यायचं होतं आणि त्यांच्या गाडीमागे एक लांबलचक गाडी आडवी. कार्यालयात माइकवरून चार वेळा नंबर पुकारला. मालक पानावर बसला होता. मठ्ठा संपवून आला. पुढच्या वार्षिक सभेत ठराव आला आणि सोसायटीच्या सभेत क्वचित घडतं ते घडलं, एकमत झालं.

जॅमर म्हणजे पिवळाधमक लोखंडी चिमटा. दोन जाड दांडे चाकाला पुढून-मागून कवेत घेतात, मधली तबकडी चाकाच्या नटांवर बसते म्हणजे चाकच खोलून पळता येत नाही, आणि बाजूला कुलूप. उचलताना कमरेला कळतं. गेटवर पाटीही लावली: 'बाहेरील वाहने आत लावू नयेत. लावल्यास जॅमर बसवून रु. ५०० दंड वसूल करण्यात येईल. हुकुमावरून.' शेवटचा शब्द खजिनदारांच्या आग्रहाखातर.

पहिल्या गाडीवाल्याने मुकाट पाचशे दिले. दुसऱ्याने ११२ ला फोन लावला.

आलेले हवालदार वयस्कर आणि शांत होते. त्यांनी गाडी पाहिली, जॅमर पाहिला, पाटी पूर्ण वाचली. मग मला विचारलं, "हे लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला?" मी म्हणालो, सर्वसाधारण सभेने. ते काही बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की उत्तर चुकलंय. "साहेब, आधी हे काढा. मग त्याची तक्रार तुम्ही द्या, तुमची तो देईल. पण आधी हे काढा."

त्या दुपारनंतर मी कायद्याची पुस्तकं उघडली, एका वकील मित्राला बराच छळला, आणि जे समजलं ते इथे लिहितोय.

जॅमर लावण्याचा अधिकार मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२७ मध्ये आहे. सार्वजनिक ठिकाणी एखादी गाडी दहा तास किंवा अधिक काळ बेवारस सोडलेली असेल, किंवा जिथे पार्किंगला कायद्याने मनाई आहे अशा जागी लावलेली असेल, तर ती टोइंग करून हलवण्याची अथवा जागेवर जखडून ठेवण्याची परवानगी देता येते. जखडण्याच्या प्रकारांत चाकाला जॅमर लावणं कायद्याने नाव घेऊन सांगितलंय. ही परवानगी कोण देतो? त्या हद्दीचा, गणवेशातला पोलीस अधिकारी. 'गणवेशातला' हा शब्द कलमातच आहे. म्हणून लक्ष्मी रोडवर किंवा फर्ग्युसन रोडवर टोइंगच्या टेम्पोबरोबर वाहतूक पोलीस असावा लागतो. गाड्या उचलणारी पोरं ठेकेदाराची असतात, त्यांना स्वतःचा अधिकार काही नाही. अधिकार गणवेशात बसलेला असतो आणि पोरं फक्त हात लावतात. पे-अँड-पार्कच्या ठेकेदाराचं तेच. पावती फाडणाऱ्या माणसाने 'पैसे दिले नाहीत' म्हणून स्वतःच्या मनाने चाकाला साखळी घातली तर हे कलम त्याच्या पाठीशी उभं राहत नाही.

या कलमात सोसायटी नाही, मॉल नाही, हॉस्पिटल नाही, वॉचमन तर नाहीच. जमिनीच्या मालकाला जॅमर लावण्याचा अधिकार देणारं दुसरं कलम त्या कायद्यात शोधायला गेलात तर हाती काही लागत नाही.

इथे आमच्या अध्यक्षांनी हुशारीचा मुद्दा काढला होता. ते म्हणाले, "मनाई नाही ना कुठे? मग मनाई नाही म्हणजे परवानगी." आपल्या स्वतःच्या वस्तूंच्या बाबतीत हा युक्तिवाद चालतो. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा तर आपल्याला अधिकार आहे हे दाखवावं लागतं. मनाई कुठे आहे हे त्याने दाखवायचं नसतं.

आणि मनाई आहेही, फक्त ती 'जॅमर' या नावाखाली सापडत नाही. मोटार वाहन कायद्याचंच कलम १९८ बघा. कायदेशीर अधिकार किंवा रास्त कारण नसताना उभ्या गाडीत शिरणं, ती हलवणं, तिच्या ब्रेकशी किंवा यंत्रणेच्या कोणत्याही भागाशी छेडछाड करणं, याला हजार रुपये दंड आहे. आमच्या पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या दारावर 'गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल' अशा पाट्या असतात. त्यांचे फोटो फिरतात, लोक हसतात, मीही हसलोय. पण पाटी लिहिणाऱ्याने खरंच वॉल्व्ह दाबला तर तो या कलमाच्या दारात उभा राहतो. जॅमरबाबत वकील वाद घालू शकतील की नुसतं बाहेरून जखडणं म्हणजे 'छेडछाड' होते का. तो वाद त्यांनी घालावा, पण तो आपल्या खर्चाने होणार हे लक्षात ठेवावं.

मग भारतीय न्याय संहिता. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधानाच्या जागी ती लागू आहे. तिच्यातली तीन-चार कलमं या प्रकाराला घासून जातात.

पहिलं गैरप्रतिबंधाचं, कलम १२६. माणसाला ज्या दिशेने जायचा हक्क आहे तिकडे जाण्यापासून मुद्दाम अडवणं. गाडी अडवली पण माणूस चालत जाऊ शकतो, मग हा 'माणसाचा' प्रतिबंध झाला का, यावर खल होऊ शकतो. गाडीत कुणी बसलेलं असताना, विशेषतः म्हातारं माणूस किंवा लहान मूल असताना जॅमर लावला, तर हा खल फार वेळ चालणार नाही.

दुसरं आगळिकीचं, कलम ३२४. गैर नुकसान करण्याच्या हेतूने एखाद्या वस्तूची उपयुक्तता कमी होईल असा बदल करणं. यात अलॉय व्हीलवरचा ओरखडा तर येतोच. पण त्याहून मोठी भानगड अशी की ड्रायव्हरला जॅमर दिसला नाही आणि त्याने गाडी चालू करून पहिला गिअर टाकला, तर मडगार्डपासून ब्रेकच्या नळीपर्यंत काय काय जाईल सांगता येत नाही. पोलीस जॅमर लावतात तेव्हा काचेवर कागद चिकटवून जातात, त्यावर फोन नंबर असतो, तो उगाच नाही. आमच्या वॉचमनला हे कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

तिसरं आणि सगळ्यात जड कलम खंडणीचं, ३०८. इजा होण्याची भीती घालून, अप्रामाणिकपणे, पैसे काढणं. इथे 'इजा'मध्ये मालमत्तेचं बेकायदा नुकसानही येतं. आता पाटी लावून, चांगल्या हेतूने, सोसायटीचं हित म्हणून पाचशे मागणारे काका आणि खंडणीखोर एका ओळीत बसवणं मलाही पटत नाही. 'अप्रामाणिकपणे' हा शब्द काकांना बहुधा वाचवेल. पण 'पैसे दे, नाहीतर गाडी सोडत नाही' हे वाक्य पोलीस ठाण्यात कागदावर उतरलं की ते काकांच्या तोंडचं आहे की दुसऱ्या कुणाच्या, हे कागद सांगत नाही. आणि या कलमाची शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते.

चोरी मात्र होत नाही, आणि त्याचं कारण मला फार आवडलं. आपल्याकडच्या चोरीच्या व्याख्येत वस्तू 'हलवणं' लागतं. जॅमरचं कामच मुळी न हलवणं. स्कॉटलंडमध्ये मात्र १९९२ साली तिथल्या वरिष्ठ फौजदारी न्यायालयाने खाजगी जागेत जॅमर लावून पैसे मागणाऱ्यांबद्दल सांगितलं की ही खंडणीही आहे आणि चोरीही. मालकाला त्याच्या गाडीचा उपयोग नाकारलात म्हणजे ती घेतलीच.

इंग्लंडचा प्रवास जास्त वळणाचा आहे. तिथे बरीच वर्षं असं मानलं जायचं की जागेवर ठळक पाटी असेल, त्यावर जॅमर आणि रक्कम स्पष्ट लिहिलेली असेल, तर गाडी लावणाऱ्याने ती वाचून जोखीम पत्करली. म्हणजे पाटी हीच संमती. नव्वदच्या दशकात तिथल्या अपील न्यायालयाने हे मान्य केलं होतं, रक्कम अवाजवी नसावी आणि पैसे दिल्यावर गाडी लगेच सुटावी अशा अटी घालून. मग व्हायचं तेच झालं. जॅमर लावणं हा धंदा झाला. पाटी झुडपाआड, माणूस गल्लीच्या कोपऱ्यावर टपलेला, गाडीवाल्याची पाठ वळली की चिमटा चाकावर. ओरड इतकी वाढली की २०१२ मध्ये संसदेने कायदाच केला आणि १ ऑक्टोबर २०१२ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये कायदेशीर अधिकार नसताना खाजगी जागेत गाडी जखडणं हा गुन्हा ठरला. मालकांना अगदी रिकाम्या हाताने सोडलं नाही. पार्किंगच्या अटी मोडल्या तर ठरलेली रक्कम गाडीच्या नोंदणीकृत धारकाकडून मागण्याची वाट त्याच कायद्याने करून दिली. म्हणजे चिमटा काढून घेतला आणि पावती हातात दिली.

आपल्याकडे पावतीची ती वाट नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे असं माझं मत आहे. परकी गाडी सात तास आपल्या जागेत उभी राहिली तर सोसायटीने तिच्या मालकाला शोधून, नोटीस देऊन, लघुवाद न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावावा, हे तत्त्वतः बरोबर आहे. प्रत्यक्षात पाचशे रुपयांसाठी शिवाजीनगरच्या कोर्टात कोण चपला झिजवणार? त्यामुळे लोक जॅमर आणतात. चूक असली तरी वेडेपणा नाही.

पण 'पाटी लावली होती' हे आपल्याकडे चालेल का? आमच्या पाटीवरचा 'दंड' हा शब्दच आधी पडतो. दंड करणं हे कायद्याने अधिकार दिलेल्यांचं काम. खाजगी माणूस फार तर शुल्क मागू शकतो किंवा नुकसानभरपाई. करार मोडल्याबद्दल आधी ठरवलेली रक्कम लिहून ठेवली तरी भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ७४ म्हणतं की त्या रकमेच्या मर्यादेत 'रास्त' तेवढीच भरपाई मिळेल. रास्त किती, ते न्यायालय ठरवणार, खजिनदार नाही. शिवाय भरपाई येणं आहे म्हणून वस्तू अडकवून ठेवायचा हक्क, ज्याला कायद्यात धारणाधिकार म्हणतात, तो सगळ्यांना नसतो. गॅरेजवाल्याला असतो, कारण त्याने गाडीवर मेहनत घेतलेली असते: बिल भर, गाडी ने. करार कायद्याचंच कलम १७० त्याचं. कलम १७१ मध्ये बँका, आडते, धक्केवाले (बंदराच्या धक्क्यावर माल ठेवून घेणारे), उच्च न्यायालयाचे वकील आणि विमा दलाल यांची यादी आहे. सोसायटी त्यात नाही. पाहुण्याच्या गाडीवर आमच्या वॉचमनने मेहनत एवढीच घेतली होती की तिला जॅमर लावला.

वकील मित्राने यावर एक जुना कायदा दाखवला, आणि मला सगळं प्रकरण त्यातून सर्वात नीट कळलं. गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा, १८७१. परकं जनावर आपल्या शेतात शिरून पीक खात असेल तर शेतकऱ्याने ते पकडावं, हा हक्क त्यात स्पष्ट आहे. पण पकडून स्वतःच्या गोठ्यात बांधून 'पाचशे दे, मग सोडतो' म्हणायचं नाही. चोवीस तासांच्या आत ते कोंडवाड्यात पोहोचवायचं. तिथे कोंडवाड्याचा माणूस हिशोब करतो, मालक पैसे भरतो, जनावर सुटतं. दीडशे वर्षांपूर्वी सरकारला ठाऊक होतं की आपल्या बांधावर आलेल्या परक्या मालाचा न्याय ज्याचा बांध त्यानेच करू नये. गुरांना कोंडवाडा मिळाला. खाजगी जागेतल्या गाड्यांना अजून मिळालेला नाही. म्हणजे आपण गाडी पकडली तरी नेऊन द्यायची कुठे, हाच प्रश्न.

आता 'सार्वजनिक ठिकाण' या शब्दाकडे येऊ, कारण त्याचा गुंता खरा आहे. मोटार वाहन कायद्यातली व्याख्या सांगते की जिथे जनतेला प्रवेशाचा हक्क आहे असा रस्ता किंवा अन्य जागा. जमीन कुणाच्या मालकीची यावर ती थांबत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ऐंशीच्या दशकात अपघात विम्याच्या संदर्भात सांगितलं होतं की खाजगी मालकीची जागासुद्धा, लोकांना तिथे मोकळा किंवा नियंत्रित प्रवेश असेल तर, सार्वजनिक ठिकाण धरावी. तो निकाल अपघातग्रस्तांना विम्याचे पैसे मिळावेत म्हणून उदार आहे, त्यामुळे तो उचलून जसाच्या तसा पार्किंगला चिकटवता येत नाही. तरी दिशा समजते. दुकानांच्या रांगेपुढची फ्रंट मार्जिन, म्हणजे इमारत आणि रस्ता यांच्यामधली मोकळी पट्टी, जिथे कुणीही येतो, ती जागा आणि गेट-वॉचमन-रजिस्टर असलेली आमची सोसायटी, या दोन्ही कायद्याच्या नजरेत सारख्या नाहीत. मार्जिनमध्ये पोलिसांना बोलावण्याला काही आधार सापडू शकतो. गेटच्या आत आलेल्या गाडीबद्दल वाहतूक शाखेला फोन केलात तर 'तो तुमचा अंतर्गत प्रश्न' असं उत्तर येणं स्वाभाविक आहे.

गेटच्या बाहेरचं मात्र उलट. कुणी रस्त्यावर, पण आपल्या गेटच्या तोंडाशी गाडी लावून गेला असेल तर आपली बाजू भक्कम. रस्ता सार्वजनिक, अडथळा उघड. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ अशाच गाडीसाठी आहे, आणि वाहतूक पोलीस ती उचलू शकतात. चुकीच्या पार्किंगचा दंड राज्यात डिसेंबर २०२१ पासून पहिल्यांदा ५०० आणि पुढे १५०० रुपये. गंमत अशी की आम्ही पुणेकर नेमकं इथेच अति करतो. बंगल्यासमोरच्या सरकारी रस्त्यावर स्वतःची 'नो पार्किंग' पाटी, जुने टायर, सिमेंट भरलेले डबे, कुंड्या, एक मोडकी प्लॅस्टिकची खुर्ची. त्या रस्त्यावर पार्किंगला मनाई करायचा अधिकार बंगलेवाल्याला नाही, आणि त्या कुंड्या हाच मुळात सार्वजनिक वाटेतला अडथळा आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ मध्ये त्यासाठी पाच हजारांपर्यंत दंड आहे.

मॉल आणि हॉस्पिटलच्या पैसे घेणाऱ्या पार्किंगमध्ये आणखी एक फरक पडतो. आत शिरताना आपण तिकीट घेतो, दर वाचतो, बूम (वाटेतला आडवा दांडा) खाली-वर होताना बघतो. बाहेर पडताना ठरलेलं शुल्क दिल्याशिवाय बूम वर जाणार नाही हे आपल्याला आत जाण्याआधीच माहीत असतं. इंग्लंडच्या त्या २०१२ च्या कायद्यानेही जॅमर गुन्हा ठरवताना हा अपवाद ठेवलाय: गाडी लावली तेव्हा अडसर तिथे होता आणि चालकाची संमती दिसते, तर तो अडसर बेकायदा नाही. आपल्याकडे कराराच्या साध्या तत्त्वाने तिथेच पोहोचता येतं. पण तिकीट हरवलं म्हणून एकदम वाटेल ती रक्कम सांगितली, तर पुन्हा करार कायद्याचं कलम ७४ आणि त्यातला तो 'रास्त' शब्द. पैसे देऊन सेवा घेतलीत म्हणजे तुम्ही ग्राहकही आहात, तेव्हा ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. आणि पैसे घेऊन गाडी सांभाळायला घेतली की जबाबदारीही येते. पंचतारांकित हॉटेलच्या माणसाने (व्हॅलेने) लावायला घेतलेली गाडी चोरीला गेली त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितलं की 'मालकाच्या जोखमीवर' एवढं तिकिटामागे छापून हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणातून सुटता येत नाही.

सभासदाच्याच गाडीला जॅमर लावणं हा तर आणखी कच्चा खेळ. मेंटेनन्स थकलाय, दुसऱ्याच्या जागेत गाडी लावतो, जादा गाड्या आणतो, अशी कारणं असतात आणि पुष्कळदा खरीही असतात. पण सोसायटीकडे त्यासाठी रस्ते आहेत. थकबाकीसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली निबंधकांकडून वसुलीचा दाखला मिळतो. नियमभंगासाठी उपविधींप्रमाणे (सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे) नोटीस द्यायची, म्हणणं ऐकायचं, मग सर्वसाधारण सभेने दंड ठरवायचा. इथे 'दंड' शब्द चालतो, कारण सभासदाने ते उपविधी मान्य केलेले असतात. मंगल कार्यालयातल्या वरपक्षाने ते केलेले नसतात. आमच्या ठरावातली मूळ चूक हीच होती: घरातला नियम बाहेरच्या माणसाला लावायला निघालो होतो.

मग करायचं काय? जागा आपली आहे याचा अर्थ कुणाला आत घ्यायचं हे आपण ठरवायचं. सगळी ताकद गेटवर आहे, चाकावर नाही. आम्ही शेवटी जॅमरच्या पैशांत आला असता तो साधा हाताने उचलायचा बूम बसवला आणि वॉचमनला एकच गोष्ट शिकवली: 'आजींना उतरवायचंय' म्हणाले तर आजींना गेटवर उतरवायचं, खुर्ची आपण आणून देऊ. दाट मुहूर्त असला की कार्यालयाच्या मॅनेजरला आदल्या दिवशी फोन. तरी गाडी घुसलीच तर नंबर, वेळ, फोटो, काचेवर नम्र चिठ्ठी. डायलिसिससारखी निकड असेल तर ११२. कुणी निघायला सांगूनही मुद्दाम त्रास द्यायला जागा अडवून बसला, तर न्याय संहितेचं फौजदारी अतिक्रमणाचं कलम ३२९ त्याच्यावर वळतं. पण तिथे हेतू दाखवावा लागतो, नुसता आळस पुरत नाही. महिनोन्‌महिने धूळ खात पडलेली, कुणाचीच नसलेली गाडी असेल तर पोलीस ठाण्यात लेखी कळवा. चोरीची असण्याचा संशय असेल तर ती ताब्यात घेण्याचा अधिकार पोलिसांना आहे, आपल्याला नाही.

आणि तुमच्याच गाडीला कुणी खाजगी जॅमर लावला असेल तर ग्राइंडर शोधू नका. कुलूप तोडलंत तर त्यांच्या जॅमरचं नुकसान तुमच्या नावावर. स्वतःच्या मालमत्तेच्या बचावाचा हक्क कायद्यात आहे, पण पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो वापरता येत नाही, आणि जखडलेली गाडी कुठे पळून जात नाही. आधी फोटो: चाक, पाटी, नंबर प्लेट, भोवतालची जागा. मग शांतपणे एकच प्रश्न, कोणत्या अधिकाराने लावला, आणि ते लेखी द्याल का? बहुतेक ठिकाणी 'लेखी' म्हणताच चावी खिशातून बाहेर येते. नाही आली तर ११२. घाई असेल आणि पैसे देऊनच सुटायचं असेल तर रोख देऊ नका. यूपीआयने द्या, शेऱ्यात 'निषेधासह' लिहा, पावती मागा, आणि क्यूआर कोड कुणाच्या नावाचा आहे ते पैसे पाठवण्याआधी बघा. सोसायटीच्या खात्याऐवजी सुरक्षा एजन्सीच्या सुपरवायझरचं नाव दिसलं तर ती गोष्टच वेगळी होते.

आमचे ते पहिले पाचशे मात्र सोसायटीच्याच खात्यात आले होते. मार्चनंतर ऑडिटर आले, बँकेचं स्टेटमेंट खाली सरकवत गेले आणि त्या ओळीवर पेन्सिल टेकवून थांबले. "हे ५०० कसले?" खजिनदारांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, दंड. "सभासदाकडून?" नाही, बाहेरच्याकडून. "मग कोणत्या सदराखाली दाखवू?" आम्ही दोघंही गप्प. व्यवहारात पाठवणाऱ्याचा यूपीआय पत्ता होता. खजिनदारांनी तिथल्या तिथे मोबाइल काढला आणि पाचशे परत पाठवले. ऑडिटरने त्या ओळीसमोर बारीक अक्षरात लिहिलं: 'चुकून जमा, परत.'